कानताईंचा भास

कानताईंना आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. सव्वीस वर्षं एकाच दवाखान्यात लोकांचे कान तपासल्यावर दुसरं काय होणार? दवाखान्यात त्या कानताई, दुकानदारांच्या कानताई, आणि सासरच्या माणसांनीही शेवटी हात टेकून तेच नाव उचललं. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट थोडा तोराच होता. पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर ती कुठल्या कोपऱ्यात पडली हे सांगणारी बाई ती, तिने तोरा मिरवायचा नाही तर कोणी?

काम तसं साधं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येणारी एक छोटी खोली होती. तिला सगळे कोठडी म्हणत. पेशंटला कोठडीत खुर्चीवर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. ताई बाहेर, काचेच्या खिडकीपाशी, यंत्रासमोर. त्या आत एकेक आवाज पाठवणार, कधी जाडा, कधी पातळ, कधी असून नसल्यासारखा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, की यंत्रावर दिवा लागतो. पण माणूस म्हणजे माणूस. कोणाला घरी जायची घाई, कोणाला आपले कान ठणठणीत आहेत हे दाखवायची हौस. ते ऐकू आलं नाही तरी दाबत सुटतात. म्हणून ताई मधेच मुद्दाम काहीच न पाठवता गप्प बसत. त्या गप्प वेळात दिवा लागला, तर कार्डावर लिहायचं ‘भा’. भा म्हणजे भास. ही खूण ताईंनीच काढलेली. डॉक्टरांना ती इतकी आवडली की त्यांनी कार्डावर तिच्यासाठी वेगळा रकाना छापून घेतला होता.

आणि अशा या बाईला एक दिवस आवाज ऐकू यायला लागला.

जाडा, खालच्या पट्टीतला, लांबलचक आवाज. दुपारी चारच्या पुढे कधीतरी सुरू व्हायचा, दोन-तीन मिनिटं राहायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. वेळ ठरलेली नाही. तो कानात शिरत नसे, पायांकडून वर चढत असे. पहिल्या दिवशी ताईंनी पंखा बंद करून पाहिला. दुसऱ्या दिवशी औषधांचा फ्रीज. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरला विचारलं, तर त्याने मान वाकडी करून, डोळे मिटून, फार मन लावून ऐकलं आणि म्हणाला, पोटात गुडगुडतंय, पण ते माझं.

रविवारी घरीही तेच. घर दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर, तिथेही दुपारी आवाज आला. नवरा मायेचा माणूस. उभं आयुष्य बस चालवण्यात गेलेलं, भांडण त्याला जमतच नसे. तो उठून बसला, खिडक्या लावल्या, उघडल्या आणि म्हणाला, “अगं, तुला वाटतंय.”

त्या ‘वाटतंय’ने ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलतेस म्हणाला असता तर परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. ‘वाटतंय’वर काय बोलणार? तुझं तुझ्यापाशी, आमचं आमच्यापाशी, विषय संपला. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसाने एका शब्दात आपल्याला घराबाहेर उभं केलं, असं त्यांना झालं.

कंपाउंडरच्या तोंडात तीळ भिजत नाही. गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचली. डॉक्टर माणूस भला, हुशार आणि वेळेचा अतिशय काटेकोर, निदान त्यांचा स्वतःबद्दल तसा पक्का समज होता. सारं जग आळशी झालंय ही त्यांची कायमची तक्रार. बस उशिरा येते, नाटकाचा पडदा उशिरा उघडतो, आणि त्यांचा साडू तर बुद्धिबळ खेळायला दर वेळी उशिरा यायचा, म्हणून त्याच्याशी बोलणं टाकून त्यांना चार वर्षं झाली होती. गुरुवारी सकाळी त्यांनी ताईंना कोठडीत बसवलं आणि स्वतः यंत्रावर बसून तासभर तपासलं.

“ताई, कान तुमचे विशीतल्या मुलीसारखे आहेत,” ते म्हणाले, आणि हे चांगलं लक्षण नव्हतं. कान चांगले, यंत्रात आवाज नाही, इतर कोणाला ऐकू येत नाही. मग दोष कानाच्याही आत कुठेतरी. रोज सकाळी यंत्राचा एकेक आवाज ताईंनी स्वतःच्या कानाने पडताळायचा, मग दिवसभराच्या तपासण्या त्या भरवशावर चालायच्या. ज्या कानाला नसलेला आवाज ऐकू येतो त्याच्यावर हा भरवसा कसा ठेवायचा? डॉक्टरांना बोलायला जड जात होतं, पण ते बोलले. सोमवारपासून ताईंनी जुन्या कार्डांचं कपाट सांभाळावं, यंत्रावर दुसरं कोणी बसेल. एवढं बोलून त्यांनी ताईंच्याच कार्डावर, ताईंच्याच रकान्यात, स्वच्छ अक्षरात लिहिलं: भा.

करावे तसे भरावे, असं कंपाउंडर दाराशी पुटपुटला. ताईंना ते अर्थातच ऐकू आलं.

शुक्रवारी चारच्या सुमाराला एक घड्याळजी काका आले. दोन गल्ल्यांपलीकडच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. काही सांगितलं तर ऐकतच नाहीत, अशी बायकोची तक्रार होती आणि तिनेच त्यांना पिटाळलं होतं. ताईंनी त्यांना कोठडीत बसवलं. मन थाऱ्यावर नव्हतं. यंत्रावरचे शेवटून दुसऱ्या दिवसाचे तास चालले होते. काका मात्र छान ऐकत होते, बोट चपळ. मग ताईंनी ठरल्याप्रमाणे आवाज पाठवायचा थांबवला आणि गप्प बसल्या.

तेवढ्यात पायांकडून तो आवाज वर चढला. आणि यंत्रावरचा दिवा लागला.

हात सवयीने रकान्याकडे गेला होता, पेनने ‘भ’ची पहिली रेघही ओढली होती. ताईंनी पेन तिथेच सोडलं आणि कोठडीचं जाड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं.

“आत्ता बटण का दाबलंत?”

“आवाज आला म्हणून,” काका घाबरून म्हणाले. “दाबायचं नव्हतं का?”

आवाज कसा होता हे ताईंनी सांगितलं नाही. सव्वीस वर्षांत एक गोष्ट त्या शिकल्या होत्या, की पेशंटच्या तोंडात शब्द घालायचा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की तोंडाने काढून दाखवा. काका लाजले. बायकोसमोरसुद्धा कधी गुणगुणलो नाही म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी घशातून एक जाडा, लांब सूर काढला, आणि ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तीन आठवडे जो आवाज एकट्या त्यांच्या डोक्यात कोंडला होता, तो परक्या माणसाच्या गळ्यातून बाहेर येत होता. पट्टीही तीच.

त्यांनी काकांना सगळं सांगून टाकलं, नवऱ्याचं ‘वाटतंय’सुद्धा. काकांनी हेडफोन गळ्यात तसेच ठेवून ऐकून घेतलं.

“तुम्हालाही वाटतंय, मलाही वाटतंय,” ते म्हणाले. “मग वाटून घेऊ की.”

ताई खूप दिवसांनी हसल्या. पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, यातली ही बाई नव्हे. खिडकीतून काकांना आपला चेहरा दिसत होता. आवाज आला तेव्हा आपण दचकलो असू, ते पाहून त्यांनी बटण दाबलं असेल. गोड माणसं अशी दाबतात. आणि सूर? दाराशी आपणच नकळत गुणगुणलो नसू कशावरून? म्हणून त्यांनी ठरवलं, की शनिवारी दुपारी चार ते सहा काकांनी आपल्या दुकानात बसायचं, ताईंनी दवाखान्यात. आवाज सुरू झाला की वेळ लिहायची. कोणी कोणाशी बोलायचं नाही. रविवारी सकाळी दोन कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर आवाज आहे. नाही जुळले, तर सोमवारी मुकाट्याने कपाटापाशी.

शनिवारी ताईंनी श्वाससुद्धा बेताने घेतला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून त्यांनी पाच आवाजांच्या वेळा लिहिल्या. त्या मनगटावर घड्याळ बांधत नसत, टिकटिक ऐकून डोकं उठायचं. रात्री झोप कसली येतेय. सकाळी आठलाच त्या काकांच्या दुकानात हजर. काकांनी बाकावर आपला कागद उलगडला, ताईंनी आपला. ताईंचा पहिला आवाज चार वाजून अकरा मिनिटांनी, काकांचा चार वाजून चार मिनिटांनी. ताईंचा दुसरा चार एकोणतीस, काकांचा चार बावीस. एकही वेळ जुळेना.

काकांचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे तुमचा तुम्हाला आणि माझा मला,” ते म्हणाले. ताई दोन्ही कागद पर्समध्ये टाकून घरी आल्या. एकट्याला भास होणं वाईट. पण दोघं भेटावीत, हात पुढे करावेत, आणि दोघांचे भासही वेगळे निघावेत, हे त्याहून वाईट.

दुपारी भांडी घासायला त्या उभ्या राहिल्या. कागद समोर ओट्यावर पडले होते. काहीतरी चाळा हवा म्हणून त्या मनातल्या मनात वजाबाकी करत होत्या. अकरातून चार गेले, सात. एकोणतीसातून बावीस गेले, सात. चार शेहेचाळीस आणि चार एकोणचाळीस. सात. हातातली थाळी त्यांनी हळूच खाली ठेवली. पाच पाच आणि चार अठ्ठावन्न. पाच बत्तीस आणि पाच पंचवीस.

“सात,” ताई मोठ्याने म्हणाल्या.

“काय सात?” नवऱ्याने विचारलं, पण त्याला द्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. साबणाच्या हातांनी कागद उचलून, पायात एक चप्पल आपली आणि एक नवऱ्याची सरकवून त्या रस्त्याला लागल्या होत्या.

झालं होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर दवाखान्यात रोज उशिरा यायचे आणि पेशंटवर शिव्याशाप द्यायची वेळ आलेली. तेव्हा एका सकाळी कंपाउंडरने स्टूल धरलं, ताई वर चढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्यांनी सात मिनिटं पुढे सरकवला. डॉक्टरांचं मनगटी घड्याळ जरा मागे पडायचं, ते रोज भिंतीवरच्या घड्याळावर लावून घ्यायचे. त्यामुळे सात मिनिटं त्यांच्या मनगटावरही चढली. रेडिओ ते ऐकत नसत. दिवसभर कानांचंच काम, घरी कानांना सुट्टी. डॉक्टर वेळेवर यायला लागले. बाकी सगळ्यांना खरी वेळ ठाऊक होती. कंपाउंडर, झाडणारी बाई, जुने पेशंटसुद्धा घड्याळाकडे बघून मनात सात वजा करायचे. इतकी सवय झाली, की आपण वजा करतो हेही कोणाला आठवेना. शनिवारी मात्र ताईंचं सगळं चित्त कानात होतं. डोळ्यांनी जे दिसलं ते हाताने लिहून टाकलं.

काकांचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर लागायचं. त्यांनी स्वतः तीनदा वजाबाकी केली, मग चष्मा काढला, पुसला, चौथ्यांदा केली. पाचही वेळा तंतोतंत. दोन गल्ल्यांच्या अंतरावर, दोन बंद खोल्यांत, एकमेकांना न बघता दोन माणसांनी एकाच मिनिटाला तेच ऐकलं होतं. काकांनी जिन्यातून वर हाक मारली, “अगं, मी बहिरा नाही. जगापेक्षा जास्तच ऐकू येतं मला.”

“मग माझंच का येत नाही?” वरून उत्तर आलं.

ताईंना आनंदाने रडू येईल की काय असं वाटत होतं. आणि ऐन आनंदात त्यांच्या लक्षात आलं, की हे कागद डॉक्टरांना पटवायचे तर सात मिनिटांची गोष्ट सांगावी लागणार. अकरा वर्षं ज्या माणसाला आपण खोट्या वेळेत नांदवलं, त्यालाच जाऊन म्हणायचं, माझ्यावर विश्वास ठेवा. सोमवारी सकाळी कंपाउंडरने तर हातच जोडले. ताई, दोन पोरं आहेत मला, म्हणाला. ताईंनी त्याला सांगितलं, की काटा मी फिरवला, स्टूल स्टूलच होतं, त्याला हात नव्हते.

डॉक्टरांनी दोन्ही कागद नीट पाहिले. जुळत नाहीत, म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

“जुळतात. माझ्यातून सात वजा करा.”

“सात का? उद्या आठ का नाही?”

“कारण भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे,” ताई म्हणाल्या. “मीच केलंय. अकरा वर्षांपूर्वी.”

डॉक्टर हसले. त्यांनी मनगट पुढे केलं. बघा, अगदी बरोबर चाललंय. तुम्ही ते त्याच्यावरच लावता, ताई म्हणाल्या. डॉक्टर अजून हसत होते, पण हसू आता नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं. बाकावर काका बसले होते, त्यांना त्यांनी वेळ विचारली. काकांनी सांगितली. मग डॉक्टर खुर्चीत बसले. उशिरा येणाऱ्या बस त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून वेळेवर जात असाव्यात.

“म्हणजे माझा साडू...” ते म्हणाले.

“हो,” ताई म्हणाल्या.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“हो.”

“पेशंटना?”

“जुन्या.”

मग ते संतापले, आणि संतापायचा त्यांना हक्कच होता. ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या, एका शब्दाने स्वतःची बाजू घेतली नाही. कंपाउंडर दाराआड पांढराफटक पडला होता. डॉक्टरांचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. शेवटी ते म्हणाले, की याने तुमचा आवाज काही सिद्ध होत नाही. फार तर सात मिनिटं सिद्ध होतात. आज चार वाजता मी स्वतः कोठडीत बसतो. ताई यंत्रापाशी, खिडकीकडे पाठ करून. काका दुकानात. तिन्ही घड्याळं काकांनी लावायची.

चार वाजले. डॉक्टर आत, मांडीवर कोरा कागद. ताई भिंतीकडे तोंड करून. सव्वाचार झाले, काही नाही. चार पंचवीस झाले. तीन आठवडे ताईंनी या आवाजाला शिव्या दिल्या होत्या, आणि आता त्या मनातून त्याला अक्षरशः विनवत होत्या, की ये, एकदा तरी ये. छाती इतकी धडधडत होती, की आला तरी ऐकू येईल की नाही याची शंका. चार सदतीसला तळव्यांना तो कळला. मग पोटऱ्यांना, मग पाठीला. आला होता, जाडजूड, भरघोस, कोणाच्या बापाची पर्वा नसलेला. ताईंनी वेळ लिहिली.

सहाला काका धावतपळत आले. डॉक्टर कोठडीतून बाहेर आले, आणि तिघांनी कागद टेबलावर ठेवले. ताईंचे चार आकडे, काकांचे चार आकडे, मिनिटाचाही फरक नाही. डॉक्टरांचा कागद कोरा.

“एकदाही?” काकांनी विचारलं.

“एकदाही नाही,” डॉक्टर म्हणाले. “फार मन लावून ऐकलं हो. खरंच ऐकलं.”

ताईंना कळत होतं, की हा माणूस आता दोन गोष्टींपैकी एक करू शकतो. दोघांना मिळून एकच भास झाला म्हणू शकतो. तसं म्हणणं सोपं होतं, वाकडंही नव्हतं, आणि सकाळच्या अपमानाची परतफेडही त्यात झाली असती. जे त्याला स्वतःला ऐकू येत नाही ते दुसऱ्याच्या शब्दावर आहे असं मानायला त्याला भाग पाडणारं या जगात काहीच नव्हतं. दोन कागद होते, बस.

डॉक्टरांनी खण उघडला. ताईंचं कार्ड काढलं, त्यावरच्या ‘भा’वर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. ताईंनी सुस्कारा सोडला आणि यंत्रावरचं कापड उचलायला हात पुढे केला. पण डॉक्टरांचं झालं नव्हतं. त्यांनी एक नवं, कोरं कार्ड घेतलं. वरच्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, खाली वय, आणि पेशंटची तक्रार लिहायची जिथे जागा असते तिथे सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं: आवाज आहे. मला ऐकू येत नाही.

ते कार्ड त्यांनी ताईंकडे सरकवलं आणि कोठडीत जाऊन, पेशंट बसतात तसे, हात मांडीवर ठेवून बसले.

ताईंनी कार्ड दोनदा वाचलं. तीन आठवड्यांत त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र यंत्रासमोर उभ्या राहून, काकांच्या आणि कंपाउंडरच्या देखत, त्या ओक्साबोक्शी रडल्या.